यमाईच्या डोंगरासाठी टर्बो

कुपवाड,
रविवार, चैत्र वद्य पंचमी

तीर्थरूप जोतीराम दाजींच्या पायांवर त्यांच्या बायकोच्या धाकट्या भावाचं, म्हणजे केरबाचं, डोकं.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे जिवंत आहेत. हल्ली पोस्टमन दारात आला की माणसाला आधी बँकेची नोटीस आठवते, हे मला ठाऊक आहे. फोनच करणार होतो. पण तुम्ही फोन कानाला लावत नाही, तळहातावर आरशासारखा धरता आणि स्पीकर चालू करता, त्यामुळे इकडून मी बोललेलं वडूजच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघणाऱ्यांनाही ऐकू जातं. (तोफखान्यात चोवीस वर्षं काढलेल्या सुभेदाराच्या कानांना मी नावं ठेवत नाही. तोफांना ठेवतो.) म्हणून कागद घेतला. आक्काचा खोकला कसा आहे? शेळ्या व्याल्या का? विहिरीनं तळ दाखवला की अजून लाज राखून आहे? आणि तुमची ती नवी सात माणसांची गाडी बरी आहे ना? खरं तर तिची चौकशी सगळ्यांच्या आधी करायची, अशी आपल्या घराची रीत पडली आहे. क्रम चुकला, राग नसावा.

तर मुद्दा असा की, परवा शुक्रवारी आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. औंधच्या डोंगराचा रस्ता, रस्त्यावर आमची छोटी पांढरी गाडी, गाडीची डिकी सताड उघडी, डिकीत गोधडी घालून तुमच्या सासूबाई, म्हणजे आमची आई, पाय बाहेर सोडून बसलेली, डोक्यापासून टाचेपर्यंत पिवळीधमक, आणि कडेला दोन अनोळखी बायका तिला हात जोडून उभ्या. त्या फोटोखाली तुम्ही तीन प्रश्नचिन्हं टाकलीत. एक असतं तर मी अंगठा दाखवून मोकळा झालो असतो. सुभेदाराच्या तीन प्रश्नचिन्हांना मात्र लेखी जबाब द्यावा लागतो. तो पुढीलप्रमाणे.

कार्तिकात आईला मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा तुम्ही होताच. दोन्ही गुडघे झिजलेत, बदलावे लागतील, उशीर करू नका, असं ते म्हणाले. आपण दोघं पंचायतीत उभं केल्यासारखे खाली मान घालून ऐकत होतो. आईनं मात्र पदर सावरून त्यांना सांगितलं, "आवं डाक्टर, गुडघं तुमी खुशाल बदला. पर ह्याच गुडघ्यांनी साठ वर्सं यमाईचा डोंगूर चढलीया मी. एकडाव वर जाऊन तिला सांगून येती, मग काय कापायचं ते कापा." डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

दोन दिवसांचं होतंही. तुम्ही तिथल्या तिथे तुमची गाडी पुढे केलीत. पण लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जपून पिणारी ही बाई. जावयाच्या गाडीत बसून देवीला गेलं तर ते दर्शन जावयाच्या नावावर जमा होतं, असं तिनं मला नंतर समजावलं. भाड्याची गाडी करावी, तर भाड्याच्या गाडीतून देवीला काय तोंड दाखवायचं, म्हणाली. जायचं तर लेकाच्या गाडीनं, आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन. सगळे म्हणजे आई, मी, मंगल, आमची समीक्षा, आणि मंगलचा भाऊ धनाजी, जो आमच्याकडे राहत नाही पण जेवायला असतो.

आता लेकाची गाडी कशी आहे, हे मी तुम्हाला काय सांगावं? आठशे सीसीची, बावीस वर्षांची, आमच्याकडे येण्याआधी दोन घरं नांदून आलेली. उताराला अतिशय गुणी आहे. सपाटीला सांगितलं तर ऐकते. चढाला मात्र ती आधी विचार करते, मग आठवणी काढते आणि मग थांबते. मार्गशीर्षात पाच माणसं घालून तिला औंधच्या डोंगराला लावली. दुसऱ्या वळणावर ती उभी राहिली ती राहिलीच. माणसं उतरवून चढवावी, तर ज्या माणसासाठी चढायचं त्यालाच उतरता येत नाही. शेवटी ब्रेकवर पाय ठेवून मागं मागं खाली आलो. पायथ्याला तुम्ही तुमच्या गाडीला टेकून उभे होतात. तुम्ही एवढंच म्हणालात, "दम लागतो का रं गड्या हिला?" 

इथे धनाजी पुढे आला. कुपवाडला वसाहतीच्या कोपऱ्यावर त्याचं गॅरेज आहे. त्यानं जन्मात एकही पुस्तक पुरतं वाचलेलं नाही, पण फोनवरचा एकही व्हिडिओ अर्धा सोडलेला नाही. तो मला म्हणाला, "दाजी, गाडी बदलायची काय गरज? टर्बो लावू." (तोही मला दाजी म्हणतो. तुम्हाला दाजी म्हणताना माझ्या मनात जे काही असतं, तेच त्याच्याही मनात असेल का, या विचारानं मी हल्ली अस्वस्थ असतो.) टर्बो म्हणजे काय, ते त्यानं मला चहाची कपबशी फिरवून समजावलं. इंजिनातून बाहेर जाणारा धूर एका चाकाला फिरवतो, त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा कोंबून इंजिनात घालतं. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जळतं, ताकद जास्त येते. टाकून दिलेल्या श्वासानंच पुढचा श्वास मोठा करायचा, ही कल्पना मला मनापासून आवडली. देवळाच्या ओसरीवर बसून तासभर विचार करावा, अशी आहे. अडचण एवढीच, की ती धनाजीच्या हातात होती.

नवीन टर्बो घ्यायचा, तर त्यापेक्षा गाडी स्वस्त, म्हणून धनाजी सांगलीच्या भंगार बाजारातून एका चेपलेल्या डिझेल पिकअपचा टर्बो घेऊन आला. दिसायला थेट गोगलगाय, तसंच वेटोळं. आईनं तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "गोगलगाय बांधून गाडी पळणार हाय व्हय रं?" त्या दिवसापासून घरात त्याचं नाव गोगलगाय. ज्या इंजिनाचा तो होता, ते आमच्या इंजिनाच्या तिप्पट मोठं. मी शंका काढली, तर धनाजी म्हणाला, वाढत्या अंगाचा घेतलाय. शाळेचा गणवेश घेताना तुमचे सासरे, म्हणजे आमचे आबा, हेच म्हणायचे, आणि मी चौथीपर्यंत दुसरीच्या चड्डीत होतो. पण गणवेशात निदान अंग वाढण्याची आशा असते. बावीस वर्षांच्या गाडीचं अंग कुठून वाढणार?

माझ्याकडे लेथचं काम आलं. सव्वीस वर्षं मी कारखान्यात टर्नर आहे. मालक भला माणूस, जेवणाच्या सुट्टीत लेथ वापरू देतो. गोगलगाय इंजिनाला जोडायला जाड लोखंडी चकती लागते, तिला भोकं पाडायची. धनाजी माप अंगठ्यानं घेतो. त्याचा अंगठा थंडीत वेगळा आणि उन्हात वेगळा असावा, कारण ती चकती मला चार वेळा करावी लागली. मग वेल्डिंग तडकलं. ते जोडलं, तर शेजारी तडकलं. पौष संपला. गोगलगाईच्या दांड्याला तेल पाजावं लागतं आणि प्यालेलं तेल उताराच्या नळीनं परत इंजिनात जावं लागतं, हे सगळं व्हिडिओत होतं म्हणे. पण धनाजीनं ती परतीची नळी चढाला लावली. तेलाला चढ आमच्या गाडीपेक्षाही जमत नाही. पहिल्यांदा गाडी चालू केली, तेव्हा सायलेन्सरमधून असा निळा, दाट धूर निघाला की गल्लीतल्या लोकांना वाटलं महापालिकेची डासांची फवारणी आली. पोरं धुरात नाचली. कोपऱ्यावरच्या एका बाईंनी दारं-खिडक्या उघडून घरात धूर घेतला आणि दर आठवड्याला येत जा म्हणून बजावलं. इतकं कौतुक त्या गाडीच्या वाट्याला आजवर कधी आलं नव्हतं.

माघात थंडाव्याचा प्रश्न निघाला. कोंबलेली हवा तापते, ती गार करायला पुढे एक जाळी बसवतात. ती परवडणारी नव्हती. धनाजीनं पाइपाला गोणपाट गुंडाळलं आणि दर दहा मैलांनी त्यावर पाणी मारायचं ठरवलं. (रानात पाण्याची बाटली आपण तशीच गार ठेवतो, त्यामुळे याला मी हसलो नाही. हसायला हवं होतं.) हवा आत घेण्याचं तोंड गाळणीशिवाय उघडंच होतं, कारण मूळची गाळणीपेटी बसायला जागा नव्हती. म्हणून त्या तोंडावर मंगलची चहाची स्टीलची गाळणी तारेनं बांधली. तेव्हापासून आमच्याकडे चहा दातांनी गाळून प्यायचा असतो. मंगलनं फक्त पावडर वाढवली.

आणि हवेचा दाब किती चढतो, ते बघायला घड्याळ पाहिजे. समीक्षा नर्सिंगला आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. तिचं ब्लडप्रेशर बघायचं यंत्र धनाजीनं मागून घेतलं, दंडाची पट्टी काढली आणि नळी इंजिनाच्या पाइपाला जोडली. घड्याळ आत, समीक्षाच्या मांडीवर. ही एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून नीट चालली, याचं कारण तिच्यात धनाजीनं काही सुधारणा केली नाही.

फाल्गुन आला. मिरजेहून दोनदा फोन आला, की पेशंटचं काय झालं. दोन्ही वेळा मी सांगितलं, गाडीचं काम चाललंय. डॉक्टरांनी आजवर पुष्कळ सबबी ऐकल्या असतील, ही नवी होती. इकडे आईचे गुडघे गाडीसाठी थांबणारे नव्हते. माघापर्यंत ती भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची. फाल्गुनात प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवत, त्याला धरून एकेक पाऊल टाकायला लागली. फरशीवर त्या स्टुलाचा करकर आवाज सकाळी पहिला ऐकू यायचा. मी देवापुढे दिवा लावत असायचो. आवाज दारापर्यंत येऊन थांबायचा आणि ती विचारायची, "झाली का रं गोगलगाय?" मी म्हणायचो, होत आलीय.

शेवटी परवा शुक्रवारी, देवीचा वार बघून निघालो. वडूजला तुमच्याकडे न येता पुसेसावळीच्या बाजूनं आलो, हा गुन्हा कबूल आहे. पायथ्याला कुणीतरी गाडीला टेकून उभं असावं, अशी इच्छा या वेळी नव्हती. तासगाव सोडल्यावर गोगलगाय शिटी घालायला लागली. गाडीनं खरंच ओढ धरली हो! जन्मात पहिल्यांदा आम्ही उसाच्या ट्रॉलीला मागं टाकलं. (ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती, पण ते धनाजीला मान्य नाही.) समीक्षा घड्याळ बघून आकडे सांगत होती, एकशे चाळीस, एकशे साठ. आई मागच्या सीटवरून दचकून म्हणाली, "कुणाचं वाढलं गं?" समीक्षा म्हणाली, "गाडीचं, आज्जी." तर आई म्हणे, "मग मीठ बंद करा की तिचं."

औंध आलं. डोंगराला लागलो. पहिलं वळण गेलं. ज्या दुसऱ्या वळणावर मार्गशीर्षात माझी अब्रू गेली होती, तेही गेलं, आणि धनाजीनं असा आनंद केला की रस्त्यावरची दोन माकडं झाडावर चढली. तिसऱ्या वळणाच्या थोड्या सपाटीला पाणी मारायला थांबलो. बॉनेट उघडलं. इंजिन बंद करायचं नाही असा धनाजीचा दंडक होता, कारण परत चालू होईल याची त्याला खात्री नव्हती. वाफा निघणाऱ्या गोणपाटावर मंगलनं तांब्यानं पाणी घातलं. आईनंही खाली उतरवायला सांगितलं, म्हणून तिला दोन्हीकडून धरून बॉनेटपाशी उभी केली. एवढं केलंय ते बघू तरी दे, म्हणाली. आणि धनाजीला दाखवायची हौस! त्यानं हातानं ॲक्सिलरेटर ओढला. गोगलगाय किंचाळायला लागली.

आता आपल्यात नवी वस्तू घरात आली, की तिला बिरोबाचा भंडारा लावल्याशिवाय वापरत नाहीत, हे मला ठाऊक, तुम्हाला ठाऊक. ट्रॅक्टरला लावतात, मोटारीला लावतात, तुमच्या नव्या गाडीवर तर तुम्ही पाव किलो उधळलात. चार महिन्यांत आम्ही सगळं केलं, तेवढं राहिलं होतं. आईच्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी कायम असते. तिनं त्या किंचाळणाऱ्या तोंडाकडे क्षणभर मायेनं पाहिलं आणि म्हणाली, "एवढं वरडतंय, कायतरी मागतंय बिचारं." चिमटीनं नाही, दाजी. "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणून अख्खी मूठ तिनं चहाच्या गाळणीवर धरली आणि सोडली.

वाढत्या अंगाच्या गोगलगाईनं एका घासात प्रसाद घेतला. पुढे काय झालं, ते मला क्रमानं सांगता येणार नाही. कुकरची शिटी उडावी तसा आवाज झाला, कोंबलेल्या हवेचा रबरी पाइप जागेवरून निसटून लांबीत फाटला, आणि आत गेलेला सगळा भंडारा दुप्पट वेगानं परत आला. मी डोळे उघडले तेव्हा जग पिवळं होतं. मंगल पिवळी, समीक्षा पिवळी, घड्याळ पिवळं. धनाजी तोंड उघडं ठेवून बघत होता, त्यामुळे तो आतूनही पिवळा. आणि मधोमध आई, शांत, हात जोडून. दर्शन घेऊन खाली येणाऱ्या दोन बायकांनी एवढंच पाहिलं, की धूर झाला आणि धुरातून एक पिवळी म्हातारी निघाली. त्यांनी काय समजायचं ते समजून पायातल्या चपला काढल्या.

भानावर आल्यावर धनाजीनं निदान केलं, "दाजी, प्रेशर जास्त झालं." मी म्हटलं, "धनाजी, हळद जास्त झाली." पाइप गेलाच होता. गोगलगाय नुसतीच जड होऊन बसलेली, तिच्यामुळे धुराची वाटही अडलेली, म्हणजे गाडी पूर्वीपेक्षा अशक्त. पहिला गिअर टाकला, ती दोन हात पुढे गेली आणि चार हात मागे आली. वर अजून दोन वळणं होती. मी चेहरा जमेल तेवढा दुःखी केला आणि म्हणालो, आई, आज परत जाऊ. पाइप नवा आणू, पुढच्या महिन्यात बघू.

आईनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "उलटी लाव."

मला कळलं नाही असं मी दाखवलं. तर म्हणाली, "आमी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो, तवा कोकरं जीपमधी घालायचो. परत येताना भरली जीप घाटात चढायची न्हाई. डायवर ती उलटी करायचा आन् पाठमोरी चढवायचा. उलट्या गिअरमधी लय जोर असतोय." धनाजीच्या चेहऱ्यावर, भंडाऱ्याच्या थराखालूनही, दिसलं की हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, आज्जीचं बरोबर आहे.

मग नवाच पेच पडला. गाडी उलटी चढणार, म्हणजे आत बसलेल्यांची पाठ देवीकडे. गाभाऱ्यातून निघतानाही आई चार पावलं पाठमोरी येते, देवीला पाठ दाखवत नाही. ती म्हणाली, "तशी मी बसायची न्हाई. मागचं दार उघड." डिकी उघडली, गोधडी घातली, तिला उचलून कडेला बसवली, पाय बाहेर, तोंड देवीकडे. समीक्षा आणि मंगल मागच्या सीटवरून तिला कमरेला धरून. धनाजी हातात मोठा धोंडा घेऊन गाडीच्या मागून, म्हणजे पुढून, म्हणजे खालच्या अंगानं, गाडी घसरली तर चाकाखाली उटी लावून ती अडवायला. आणि मी मान उलटी करून. निघण्याआधी समीक्षानं आपला फोन देऊन वाटेनं जाणाऱ्या एका पोराकडून तो फोटो काढून घेतला, तोच ग्रुपवर आला. उलट्या गिअरला ती गाडी, दाजी, बैलगाडीच्या चालीनं का होईना, पण चढली. न थांबता चढली. उघडी डिकी भरून माझ्यासमोर फक्त आईची पाठ होती, तिचा पिवळा झालेला अंबाडा, आणि त्याच्यावर थोडासा डोंगर. रस्ता मला दिसतच नव्हता. ती हात वर करून "जरा डावं, आता उजवं" सांगत होती आणि मी त्याप्रमाणे वळवत होतो.

वर गेल्यावर मी आणि धनाजीनं तिला हाताच्या पाळण्यात उचलून पायऱ्यांवरून नेलं. तिनं देवीपुढचं कुंकू घेतलं, कपाळाला नाही लावलं, लुगड्यावरूनच दोन्ही गुडघ्यांना लावलं. मनात असेल ते मोठ्यानं बोलायची तिची सवय तुम्हाला माहीत आहे. "साठ वर्सं चढवलंस," म्हणाली. "आता हे ठिवून घे. दुसरं बसवून येती." उतरताना गाडी सरळ, पण आई डिकीतच, देऊळ दिसेनासं होईपर्यंत. पायथ्याशी आल्यावर पुढच्या सीटवर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता सांग डाक्टरला. लय दिवस लावलंस."

तर तीन प्रश्नचिन्हांचा हा जबाब. पिवळं का, डिकीत का आणि आम्हाला न सांगता का, अशी ती होती, असं मी धरून चालतो. तुमच्या त्या पायथ्यावरच्या प्रश्नालाही उत्तर यातच आलं, की दम लागतो, पण तोंड फिरवलं की लागत नाही. आक्काला माझा नमस्कार, शेळ्यांना थोपटणं, आणि तुमच्या गाडीच्या बॉनेटवरून एकदा माझ्या वतीनं फडकं फिरवावं. लिहिण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर अजून नाकातून हळद येते आहे, हे लक्षात घ्यावं.

तुमचा,
केरबा

ता. क. धनाजी पुढच्या आठवड्यात वडूजला यायचं म्हणतो. तुमच्या गाडीला गोगलगाय आधीपासून आहे, पण ती लहान आहे, असं त्याचं मत झालंय. तुम्ही शेतात आहात, असं सांगावं.

आणखी एक. वर एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, ठेवली. ती कोकरांची जीप मलाही आठवते. मी सहा वर्षांचा असेन, दोन कोकरं मांडीवर घेऊन मागच्या फळीवर बसलो होतो आणि घाट पाठमोरा चढताना हसत होतो. गाडी उलटी चढते, हे मला मार्गशीर्षातच ठाऊक होतं. तुम्ही पायथ्याशी दम लागतो का म्हणून विचारलंत, तेव्हा ते उत्तर माझ्या तोंडात होतं. मी ते गिळलं. वर जाऊन आलो असतो, तर आठ दिवसांत ऑपरेशन झालं असतं. म्हणून टर्बो. धनाजीनं बिचाऱ्यानं मनापासून काम केलं. चकतीची मापं त्यानं बरोबर दिली होती, चारातल्या तीन चकत्या मी चुकवल्या. त्याच्या अंगठ्याबद्दल वर लिहिलंय ते खोडलेलं समजा. रोज दिव्यापुढे बसून मी यमाईला म्हणायचो, एवढा महिना जाऊ दे. पलीकडच्या खोलीतून आई तिलाच म्हणायची, लवकर वर बोलव. एका घरातून एकाच देवीकडे दोन उलटे अर्ज. काल आईच्या पायांवरची हळद धूत होतो, तर हळूच म्हणाली, "तू बी हुतास की रं त्या जीपमधी." मला वर बघवेना. मग म्हणाली, "मलाबी भ्या वाटत हुतं, म्हणून म्या बी गप ऱ्हायले. पर आता पाय लय दुखत्यात."

शेवटचं. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे, मिरजेला, सकाळी साडेसातला आत नेणार. आबांना त्याच दवाखान्यात आपण दोघांनी नेलं होतं. ते स्वतःच्या पायांनी आत गेले होते, जाताना मला घरच्या म्हशीचं काहीतरी सांगत होते, ते अर्धंच राहिलं. ते बाकडं अजून तिथेच आहे. काल तारीख घ्यायला गेलो, तेव्हा त्याच्यावर बसवेना, उभाच राहिलो. मंगल आणि समीक्षा असतील, पण त्यांच्यापुढे मला धीराचा माणूस होऊन बसावं लागेल, आणि ते सोंग मला अडीच तास झेपणार नाही. आक्काला दुपारी बोलवू. तुम्ही मात्र पहाटेच या, तुमची गाडी घेऊनच या. आणू काही नका. माझ्या शेजारी बसा आणि ती लेहच्या बर्फात अडकलेल्या खेचराची हकीकत सांगा. दर दिवाळीला मी ती अर्ध्यात उठून जातो, त्यामुळे ते खेचर सुटलं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. डॉक्टर जर अडीच तासांत बाहेर आले नाहीत, तर तुम्ही थोडी लांबवा.